गरम पाणी, बंद खिडकी



डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकू लागली, की सातारा-सांगलीकरांना थंडी पडल्याची खात्री पटते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काश्मीर-हिमाचलात किंवा युरोप-अमेरिकेत ऐन थंडीत पाण्याचे पाईप फुटतात, ते या वाढीमुळेच. कृष्णाकाठी तशी वेळ येत नाही. त्यामुळे थंडीचा आणि आपल्या घरातील नळांचा काही संबंध नाही, असे आपण समजून चालतो. वस्तुतः संबंध आहे, आणि तो थेट आरोग्याशी आहे. फरक एवढाच, की आपल्याकडचा धोका थंड पाण्याच्या नळात नसून गरम पाण्याच्या नळात आहे.

विस्तव आत आला

पूर्वी आपल्या वाड्यांतून तांब्याचा बंब असे. तो बहुधा परसदारी किंवा मागच्या पडवीत पेटवला जाई. धूर डोळ्यांना झोंबत असल्याने त्याला वाट करून द्यावीच लागे. पुढे वाडे गेले, सदनिका आल्या, बंबाची जागा गॅस गीझरने घेतली. सोय झाली, परंतु बाहेर असलेला विस्तव अनेक घरांत न्हाणीघराच्या आत आला. या विस्तवाचा धूर दिसत नाही, म्हणून त्याला वाट ठेवण्याचे भानही राहिले नाही.

गॅस पूर्णपणे जळण्यासाठी भरपूर हवा लागते. लहानशा न्हाणीघराचे दार लावलेले, थंड वारा नको म्हणून खिडकीच्या झडपांवर पुठ्ठा लावलेला आणि गीझर दहा-पंधरा मिनिटे सलग चालू, अशा स्थितीत आतील प्राणवायू कमी होत जातो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. ‘गॅस गळला तर वास येईलच’ हा आपला भरवसा येथे निरुपयोगी ठरतो. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. जळल्यानंतर तयार होणाऱ्या या वायूला तो नसतो.

रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा वायू २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. आपण म्हणतो, पित्त झाले असेल. मग हातपाय गळून जातात आणि दाराची कडी काढण्याइतकेही बळ उरत नाही. काहींना झटके येतात आणि अपस्माराचा संशय घेतला जातो. गॅस गीझरमुळे असे घडलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून केलेल्या आहेत.

धोका कोणत्या दिवशी अधिक, याचाही विचार करावा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला घरातील पाच-सहा माणसे एकामागून एक न्हातात; गीझर थंड होत नाही आणि न्हाणीघरातील हवा बदलत नाही. दुसरा प्रसंग बाळंतिणीच्या न्हाणाचा. वारा लागू नये म्हणून सर्व फटी बंद करून तिला व बाळाला बराच वेळ कढत पाण्याने न्हाऊ घातले जाते. त्यानंतर बंद खोलीत शेकासाठी कोळशाची शेगडी आणली, तर तोच वायू दुसऱ्यांदा आत येतो. ऊब अवश्य द्यावी, परंतु हवेची वाट बंद करून नव्हे.

उपाय साधा आहे. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या सज्जात किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवून केवळ गरम पाण्याचा पाईप आत घ्यावा. हे होईपर्यंत आंघोळीपूर्वी दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, मगच दार लावावे. खिडकीवरचा पुठ्ठा आजच काढावा. एग्झॉस्ट पंखा असला तरी ताजी हवा आत येण्याची वाट हवीच. गीझरची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर वापर थांबवून कारागिराला बोलवावे.

कोणी आत बेशुद्ध पडल्यास दार उघडून गॅस बंद करावा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेत तो आकडा फसवा, चांगला दिसू शकतो. रुग्णालयात ‘गॅस गीझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे, कारण पुढचे उपचार त्या एका वाक्यावर ठरतात.

क्षारांचा थर

विजेचा गीझर असणाऱ्यांचा शत्रू वेगळा आहे. जत, आटपाडी, माण, खटाव अशा कोरड्या भागांत पुष्कळ घरे बोअरच्या जड पाण्यावर चालतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. असे पाणी तापले की त्यातील चुनखडीचा पांढरा थर गीझरच्या कॉइलवर आणि पाईपच्या आत बसतो.

त्याची लक्षणे ओळखणे सोपे आहे. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, टाकीतून तडतड आवाज येतो, थंड नळाला जोर असूनही गरम नळाची धार बारीक होते. शॉवरची चाळणी काढून काही तास व्हिनेगरमध्ये भिजवणे, ठिबकणाऱ्या नळाचा वॉशर बदलणे ही कामे घरी करता येतात. टाकी उघडून थर काढणे आणि आतील मॅग्नेशियमची कांडी तपासणे मात्र जाणकारावर सोपवावे.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हविषयी विशेष सांगावेसे वाटते. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे दीड टक्क्याने प्रसरण पावते. वाढलेला दाब या व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतो. ‘गळती’ समजून त्यावर बूच मारणे म्हणजे बंद टाकीत दाब कोंडणे होय. थेंब सतत पडत असतील तर व्हॉल्व्ह बदलावा. बंद करू नये. त्याचप्रमाणे गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाईप वापरू नये, तो मऊ पडतो, सीपीव्हीसीच घ्यावा. आर्थिंग नीट आहे ना आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवलेला आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. बादलीत हीटरची कांडी वापरत असल्यास प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोटही लावू नये.

किती गरम?

पाणी ६० अंशांचे असेल तर प्रौढाची त्वचाही सुमारे ५ सेकंदांत गंभीररीत्या भाजू शकते. ५० अंशांना त्यासाठी काही मिनिटे लागतात. लहान मुलांची त्वचा नाजूक असते. आजी-आजोबांना, विशेषतः मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना, चटका वेळेवर कळत नाही. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम मिसळावे आणि कोपर बुडवून पाहावे. बाळासाठी ३७-३८ अंशांचे पाणी पुरते.

मात्र टाकीतील पाणी कायम कोमट ठेवणेही बरे नव्हे. २५ ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात न्यूमोनियाला कारण ठरणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. गावाहून परतल्यावर गीझर पूर्ण तापवून, खिडकी उघडी ठेवून पहिले पाणी वाहू द्यावे. सौरबंबाचे पाणी ढगाळ हवेत कोमट राहिले, तर त्यातील विजेच्या कॉइलने ते अधूनमधून पूर्ण तापवून घ्यावे.

या रविवारी एवढे करा. न्हाणीघरात उभे राहून पाहा : ज्योत आत आहे की बाहेर, खिडकी उघडते की नाही, व्हॉल्व्हला कोणी बूच तर मारलेले नाही ना. आणि घरातील प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या मुलांनाही, एक सवय लावा : आंघोळीला गेलेल्या माणसाला पाच-सात मिनिटांनी एक हाक द्यायची, आणि उत्तर आले नाही तर दार ठोठावण्यात संकोच करायचा नाही.