ॲपचे तास कोणाच्या वाट्याचे?

दिवसा नोकरी आणि रात्री एकट्याने मोबाईलचे ॲप तयार करणारी मुले-मुली आता आपल्या वस्त्यांतही दिसू लागली आहेत. कोणी हिंजवडीच्या कंपनीत आहे, कोणी ऐरोलीला, कोणी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीच्या दुकानात. हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप आणि डोक्यातली एक कल्पना, एवढेच त्यांचे भांडवल. आम्हाला त्यांचे कौतुक आहे. दुसऱ्याने केलेले वापरण्यापेक्षा स्वतः काही घडवावे, ही इच्छा मोलाची आहे. पण हे आरोग्याचे पान आहे. म्हणून आम्ही आरोग्याचा प्रश्न विचारतो: या कामाला लागणारे तास येतात कोठून?

साधा हिशेब मांडू. नऊ तास नोकरी, दोन तास येणे-जाणे, सात तास झोप. झाले अठरा. उरलेल्या सहा तासांत आंघोळ, जेवण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आईवडिलांचा दवाखाना, शेजारचे लग्न आणि मयत. यातून रोज चार तास ॲपसाठी काढतो असे कोणी सांगितले, तर ते तास दोनच ठिकाणांहून आलेले असतात. एक तर त्याच्या झोपेतून, नाहीतर घरातल्या बाईच्या हातांतून.

आधी झोपेचे बोलू. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. सतत सतरा तास जागलेल्या माणसाचे लक्ष आणि हातांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे संशोधन सांगते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री बारा वाजता कोड लिहितो, तेव्हा त्याचा मेंदू त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. त्या तासात केलेल्या चुका शोधण्यात रविवार जातो. आणि तोच मुलगा अपुऱ्या झोपेने सकाळी दुचाकी काढतो, ही गोष्ट त्याहून गंभीर आहे.

आता एकूण कामाचे तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. मालकाने तास वाढवले तर आपण कायदा दाखवतो. पण इथे मालकही आपणच आणि मजूरही आपणच. मग कायदा कोणी दाखवायचा?

तो स्वतःलाच दाखवावा लागेल. नोकरीचे ४८ तास धरले तर ५५ ची रेषा गाठायला सातच तास उरतात. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे: नोकरी करणाऱ्याने ॲपला आठवड्याचे सहा तास द्यावेत. दोन संध्याकाळी दीड-दीड तास आणि रविवारी सकाळी तीन तास. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तरी तीनशे तास होतात. ते थोडे नाहीत.

यावर एक उत्तर आम्हाला हमखास मिळते. "आमच्या बापाची इस्टेट नाही. रात्र हेच आमचे भांडवल. रात्री जागून शिकलो म्हणूनच इथवर आलो." हे खरे आहे, आणि ते आम्ही हलके लेखत नाही. आमचे नर्सिंगही तसेच झाले. पण परीक्षेला तारीख असते. पेपर संपला की माणूस झोपतो. ॲपला अशी तारीख नसते. ते बाजारात आणले तरी काम संपत नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की दुरुस्ती, कोणाच्या फोनवर बंद पडले की दुरुस्ती, गुगलचे नियम बदलले की पुन्हा दुरुस्ती. यशही विश्रांती देतेच असे नाही. हनोईच्या डाँग गुयेन या तरुणाने एकट्याने केलेला 'फ्लॅपी बर्ड' हा खेळ २०१४ च्या सुरुवातीला जगभर गाजला. त्याच फेब्रुवारीत त्याने तो स्वतःहून काढून घेतला. आपले साधे जगणे यामुळे बिघडले, असे त्याने जाहीर सांगितले होते.

आता बाईच्या हातांबद्दल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोजचे सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांचे ८८ मिनिटे विनामोल घरकामात जातात असे दिसले. फरक ३ तास २१ मिनिटांचा. पुष्कळ पुरुष ज्याला आपला मोकळा वेळ म्हणतात, तो हाच. अमेरिकेत एरिक बॅरोनने 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून केला आणि २०१६ मध्ये आणला. त्या काळात घर चालायला त्याच्या जोडीदाराच्या कमाईचा मोठा आधार होता. 'एकट्याने' या शब्दाआड असे कोणीतरी बहुधा उभे असते.

म्हणून ॲप करायचे ठरवले की आधी घरात बसून बोला. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, किती महिने, आणि त्या बदल्यात घरातले कोणते काम माझे. भांडी, मुलांची शाळा, आईची औषधे. जे ठरेल ते पाळा. ॲप करणारी घरची सून किंवा मुलगी असेल तर हे बोलणे दुप्पट गरजेचे आहे. तिला "कर की, कोण अडवतंय" म्हणणे पुरेसे नाही. तिचे सहा तास घराने उचलले तरच ते तिचे होतात. नाहीतर तीही झोपेतूनच काढते, आणि पहाटे पाण्याला उठायचे तिला चुकत नाही.

वॉर्डातली एक रीत इथे उपयोगी पडेल. ड्युटी संपली की आम्ही ओव्हर देतो: कोणत्या पेशंटचे काय झाले, काय राहिले, पुढच्या सिस्टरने आधी काय बघायचे. ओव्हर दिली की घरी जायचे. एकट्याने ॲप करणाऱ्याला ओव्हर घेणारे कोणी नसते, म्हणून त्याची ड्युटी डोक्यात चालूच राहते. अंथरुणात पडले तरी तेच. यावर वही हा उपाय आहे. लॅपटॉप मिटण्यापूर्वी तीन ओळी लिहा: आज काय झाले, कुठे थांबलो, पुढच्या वेळी पहिले काम काय. पुढच्या वेळी तीच वही तुम्हाला ओव्हर देईल. रात्री दहानंतर ॲपच्या तक्रारी उघडू नका. वॉर्डातली घंटा वाजली तर धावावेच लागते. ॲपच्या तक्रारी बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबतात.

आणि तास कमी असतील तर ॲप लहान करा, झोप नव्हे. समजा बचत गटाचा हिशेब ठेवणारे ॲप करायचे आहे. पहिल्यांदा त्यात फक्त महिन्याचा हप्ता नोंदवता यावा. कर्ज, व्याज, आलेख, संदेश हे सगळे पुढे. गुगल प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याला ॲप खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ती बारा माणसे आपल्याच गटात सापडतील. काय हवे, काय नको, हे त्या बायका पंधरा दिवसांत सांगतील. एकट्याने सहा महिने रात्री जागून तेवढे कळणार नाही.

काही खुणा मात्र दुर्लक्षू नयेत. जागण्यासाठी चहा, तंबाखू किंवा एनर्जी ड्रिंक वाढत चालले आहे, मुलांवर विनाकारण ओरडणे होते आहे, गाडीवर डुलकी येते आहे, तर महिनाभर ॲप बंद ठेवा. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर येत असेल तर वय पंचवीस असले तरी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. मन खचले असेल, काहीच नकोसे वाटत असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते.

आपल्या मुलांनी ॲप करावेच. पण त्या कमाईतून पहिला खर्च स्वतःच्या औषधांचा होऊ नये, आणि घरच्या बाईच्या पाठदुखीचाही होऊ नये. या आठवड्यात ते सहा तास कागदावर लिहा, आणि कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा.