झुंबर मध्यंतरात बघा!

जुन्या नाट्यगृहाचा जीर्णोद्धार झाला की आपल्याकडे सगळे बघायला जातात. ऐकायला कोणी जात नाही, असे माझे जाहीर मत आहे.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ साली खुद्द पाचव्या जॉर्ज बादशहांनी त्याचे उद्घाटन केले, तेही बांधकाम पुरे व्हायच्या आत! (ही परंपरा आपण निष्ठेने जपली आहे.) इथे बालगंधर्व गायले, दीनानाथ गायले. पुढे सिनेमे लागले आणि १९९३ साली दारे जी मिटली ती थेट २०१६ साली उघडली. मधली २३ वर्षे ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव उरले ते बसकंडक्टरच्या तोंडी. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली घुमट, झुंबरे, सज्जे सारे पुन्हा उजळले. त्यांना वाकून नमस्कार. माझी तक्रार अशा वास्तूंबद्दल नाहीच, त्यांत बसणाऱ्या तुमच्या-आमच्याबद्दल आहे.

पहिली घंटा होते तेव्हा आपण झुंबराचा फोटो काढत असतो. दुसरीला झुंबरासकट स्वतःचा. तिसरीला तो नाशिकच्या मावशीला धाडतो. पडदा वर जातो आणि मावशीचे ‘छान हं!’ अंधारात टुणकन वाजते. शेजारचे काका वेफर्सची पिशवी हळूहळू फोडतात. हळूहळू फोडल्याने आवाज कमी होत नाही, नुसता लांबतो, हे त्यांना सांगणार कोण?

आणि हे कुठे, तर लाउडस्पीकर नव्हता त्या काळच्या नाट्यगृहात! तिथे नटाचा शब्द गॅलरीतल्या स्वस्त तिकिटापर्यंत नुसत्या घशाच्या जोरावर जायचा. तो पोहोचवायला खालचे-वरचे सगळे गप्प बसावे लागत.

कोणी म्हणेल, ‘‘अहो, त्या निमित्ताने लोक येतात तरी!’’ येतात ना. पण झुंबर एकदाच बघायचे असते. दुसऱ्यांदा माणूस येतो तो नाटकासाठी, गाण्यासाठी. नाट्यगृहे नुसत्या भिंती खचून बंद पडत नाहीत, रिकाम्या खुर्च्यांनीही पडतात. घुमटाला पुन्हा सोनेरी मुलामा देता येतो. पण कान देण्याची सवय एकदा मोडली की ती दुरुस्त करणारा गवंडी मिळत नाही.

तेव्हा तिकीट काढा, वरचे स्वस्तातले काढा. झुंबर मध्यंतरात बघा. तिसऱ्या घंटेला फोन बंद म्हणजे बंद, ‘सायलेंट’ नव्हे. आणि काका, वेफर्स फोडायचेच असतील तर एका झटक्यात फोडा!