फुलदाणीतल्या फुलाला विज्ञान, कपाशीच्या फुलाला बाटली



श्रावण-भाद्रपदात म्हसावदच्या बाजारात औषधाच्या दुकानाच्या पायरीवर घटकाभर बसून पाहावे. कोरडवाहू कपाशीवाला येतो तो एकच तक्रार घेऊन : पाते गळताहेत. जाताना त्याच्या पिशवीत एक बाटली असते. बाटलीवर चित्र झकास, नाव जोरदार. आत काय आहे ते मात्र वाचता येईल अशा अक्षरात कुठेच नाही. उधारीच्या वहीत एक ओळ वाढते. आठ दिवसांनी पाते गळतातच. मग सल्ला मिळतो, "डोस कमी पडला, दुसरी न्या."

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. या गळीचे कारण आम्ही कॉलेजात पाठ केले, परीक्षेत लिहिले, मार्क मिळवले आणि पुस्तक मिटले. ते बांधापर्यंत पोचवले नाही, हा आमचा गुन्हा. तो कबूल करून आज कारण सांगतो.

कीड-बोंडअळी नसताना होणारी पातेगळ हा रोग नाही. ते काम झाडच करते, इथिलीन नावाच्या वायूने. शहाद्याची पपई आणि तापीकाठची केळी व्यापारी ज्या बंद खोलीत पिकवतात, तिथे सोडतात तो हाच वायू. झाड तो आपल्या पेशीत एसीसी नावाच्या कच्च्या मालापासून बनवते. कॅलिफोर्नियात शांग-फा यांग आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे १९७९ साली शोधून काढले. हा कच्चा माल तयार करणारे विकर म्हणजे एसीसी सिंथेज, आणि ते विकर कसे घडवायचे हे ज्यात लिहिले आहे ते जनुक. वायूच्या कारखान्याची चावी ती हीच.

पावसाचा खंड पडला की चावी फिरते. वायू वाढतो, पात्याच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि पाते खाली पडते. जेवढे पाणी तेवढीच बोंडे, हा झाडाचा हिशेब आहे. बऱ्या वर्षीही कपाशी आपली निम्म्याहून जास्त पाती-बोंडे गाळते. सगळे पाते टिकवण्याची हमी देणारा माणूस म्हणूनच खोटे बोलतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. खंडानंतर सातपुड्याकडून मोठा पाऊस येतो आणि काळ्या जमिनीत पाणी साचते. मुळांचा श्वास कोंडतो. मुळात एसीसी बनते, पण त्याचा वायू व्हायला प्राणवायू लागतो, तो चिखलात नसतो. मग एसीसी रसाबरोबर वर चढते आणि पानात-शेंड्यात हवा मिळताच तिथे त्याचा वायू होतो. १९८० साली ब्रॅडफोर्ड आणि यांग यांनी टोमॅटोच्या झाडावर हे दाखवून दिले. पाणी मुळाशी, दुखणे शेंड्याला! पानावर बाटली फवारून मुळातले पाणी कसे निघेल?

सगळ्याच बाटल्या खोट्या, असे आम्ही म्हणत नाही. एनएए हे संजीवक गळ काही दिवस थोपवते. पण त्याच्या आडोशाने काय काय खपले! जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितले की देशात सुमारे ३०,००० जैव-उत्तेजके तपासणीविना विकली जात होती. फवारणारे कोण होते? आपण. त्या पैशांचा हिशेब कोण देणार?

आता जगाने या जनुकाचे काय केले ते ऐका. १९९१ साली अमेरिकेत हेच जनुक उलटे बसवून असा टोमॅटो केला, की बाहेरून वायू दिल्याशिवाय तो पिकेना. सोय कोणाची? दूरच्या बाजारात माल नेणाऱ्याची. १९९५ साली ऑस्ट्रेलियात कार्नेशनचे फूल मंजूर झाले, याच जनुकाला लगाम घातलेले, फुलदाणीत जास्त दिवस टिकावे म्हणून. दिवाणखान्यातले फूल कोमेजू नये यासाठी प्रयोगशाळा राबली. आणि ज्या फुलावर घरची चूल पेटते, त्याच्या वाट्याला उधारीची बाटली!

कोरडवाहूसाठी हे जमणार नाही, असे कोणी सांगू नये. २०१४ साली अमेरिकेतल्या एका बियाणे कंपनीने प्रसिद्ध केले की इथिलीन कमी बनवणाऱ्या मक्याने फुलोऱ्यातल्या दुष्काळात हेक्टरी सुमारे अर्धा टन जास्त दाणे दिले. मका ही ज्वारीची बहीण. मग ज्वारी कोणाची सावत्र?

जनुक म्हटले की घाबरवणारेही आहेत. त्यांना आम्ही सांगतो, हे जनुक कुठून आणायचे नाही, ते आपल्या कपाशीत आणि ज्वारीत आधीपासूनच आहे. आणि चमत्काराचे बियाणे विकू पाहणाऱ्यांनाही सांगतो : चावी सरसकट मोडून चालणार नाही. बोंड फुटते ते इथिलीननेच. रुईचा धागा लांबायलाही तेच लागते, हे चिनी शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले. नेमकी देठाशी, नेमक्या ताणाच्या वेळी चावी आवरायची, हे वर्षानुवर्षांचे काम आहे. म्हणून ते सरकारी संशोधनाने, आपल्या कोरडवाहू शेतात व्हायला हवे. २०२२ साली केंद्राने दुसऱ्या जातीचे जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादनाचे नियम सैल केले. मे २०२५ मध्ये तसे दोन भाताचे वाण जाहीरही झाले. भाताला मिळाले, आनंद आहे. कापूस-ज्वारीची पाळी कधी?

जिल्हा बैठकीत आमच्या मागण्या तीन :

१. नागपूरची कापूस संस्था, हैदराबादची भरडधान्य संस्था आणि राहुरीचे विद्यापीठ यांनी या जनुकावर कोरडवाहू कपाशी-ज्वारीसाठी काम करावे. वाण सरळ असावे. घरचे बियाणे ठेवण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने आपल्याला दिला आहे. दरसाल पाकीट घ्यायला लावून तो मारू नये.

२. प्रत्येक बाटलीवर घटक, प्रमाण आणि नोंदणी मराठीत, ठळक अक्षरात हवी. पक्क्या बिलाशिवाय विक्री नको.

३. काळ्या जमिनीतले साचलेले पाणी काढण्याच्या चरांना सरकारी पैसा मिळावा.

सरकार हलेल तेव्हा हलेल. आपल्या हातातले आजच करू. कोळप्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडा. खंडात त्या ओल धरतील, झडीत पाणी बाहेर काढतील. आणि दुकानाच्या पायरीवर चढताना एकच प्रश्न विचारा : यात काय आहे, ते कागदावर लिहून देता का?

लिहून देत नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या.