मुद्दाम नाही हो करत ती!

परवा काका घरी आले होते. आमची भिंगरी (वय महिने तीन) कान पाडून, शेपटी हलवत त्यांच्याकडे धावली आणि त्यांच्या पायाशीच शू करून मोकळी झाली. काकांचा निकाल तयार होता. "मुद्दाम करते ही. एकदा नाक घास त्यात, पुन्हा नाही करणार."

हा सल्ला दिला नाही असा एकही नातेवाईक आता उरलेला नाही. सांगायला लाज वाटते, पण भिंगरी आली त्या पहिल्याच आठवड्यात मी तो ऐकलाही होता. म्हणून आज त्याच्याशीच भांडायचंय. काका, वाचत असाल तर राग मानू नका.

मुळात ते "मुद्दाम"च चूक आहे. पिल्लाचं मूत्राशय एवढंसं, त्यावर ताबा अजून यायचाय. ढोबळ हिशोब असा, की वय जितके महिने, साधारण तितके तास ते दिवसा कळ सोसू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर दोन तास! झोपून उठलं, जेवलं, खेळलं की त्याआधीच. आणि आपण चार तासांनी दार उघडून ओरडणार, "केलंसच का परत?" घरातल्या बाळांची दुपटी वर्ष-दीड वर्ष वाळत घालताना कुणी "मुद्दाम करतो" म्हटलं होतं का?

"पण तिला कळतं गं, चेहरा बघ कसा चोरासारखा करते..." हेही ऐकलंय. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ साली १४ कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने नको म्हटलेला खाऊ कुत्र्याने खरंच खाल्ला की नाही, याचा त्या चोरट्या चेहऱ्याशी संबंध नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा, बस्स! ज्याने काहीच खाल्लं नव्हतं त्याचासुद्धा.

आणि पाहुण्यांसमोर होणारी शू? कुत्र्यांच्या भाषेत त्याचा अर्थ "तुम्ही मोठे, मी लहान, मला काही करू नका." काका, तो अपमान नव्हता, नमस्कार होता. त्यावर ओरडलं की आणखी होते.

नाक घासल्यावर भिंगरी एक गोष्ट मात्र शिकली. माणसांसमोर शू करायची नाही. ती वॉशिंग मशीनच्या मागे जायला लागली. त्यामुळे ती दर वीस मिनिटांनी बसतेय, जोर लावतेय आणि थेंबभरच होतेय, हे मला चार दिवस कळलंच नाही. कळलं ते फरशीवर गुलाबी डाग दिसला तेव्हा. डॉक्टरांनी लघवी तपासली. इन्फेक्शन होतं. औषधाने ती बरी झाली, पण दुखणं लपवायला तिला मीच शिकवलं होतं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा मंडळी, पिल्लू अचानक सारखं सारखं, थोडं थोडं करायला लागलं, कुंथायला लागलं, ती जागा सतत चाटायला लागलं, रक्त दिसलं, तर शिस्त नंतर, डॉक्टर आधी. खूप पाणी पिऊन खूप शू होत असेल तरीही. आणि शू कमी व्हावी म्हणून पाण्याचं भांडं कृपया उचलून ठेवू नका.

बाकी शिकवणं सोपं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. लसी पूर्ण होईपर्यंत आमची जागा बाल्कनीतलं वर्तमानपत्र. उठली की तिथे, जेवली की तिथे, दर दोन तासांनी तिथे. केली की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. भलतीकडे झाली तर न बोलता पुसायचं. नुसत्या फिनाइलने वास आपल्या नाकापुरता जातो, तिच्या नाही. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं.

काका, पुढच्या वेळी आलात की आधी शांतपणे खुर्चीत बसा, तिला आपणहून येऊ द्या. तरी पायाशी झालीच, तर फडकं घेऊन मी उभी आहे. तिला मात्र काही बोलायचं नाही.