सही मुखत्याराची, जमीन मालकाची

कुलमुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कायदेशीर व्यवहार करण्याचा लेखी अधिकार मिळालेली व्यक्ती. हा अधिकार देणाऱ्या दस्ताला, म्हणजे मुखत्यारपत्राला, १८८२च्या मुखत्यारपत्र अधिनियमाचा आधार आहे; मात्र लिहून देणारा आणि लिहून घेणारा यांच्यातले नाते १८७२च्या भारतीय करार अधिनियमाने ठरते. एखाद्याच कामापुरता अधिकार दिला तर ते खास मुखत्यारपत्र. शेती, घर, कोर्टकचेरी असा सगळा कारभार सोपवला तर ते कुलमुखत्यारपत्र.

मुखत्याराने मालकाच्या, म्हणजे अधिकार देणाऱ्याच्या, सूचनेप्रमाणे वागायचे, मागितला की हिशेब द्यायचा आणि त्या व्यवहारात चोरून स्वतःचा फायदा साधायचा नाही. कोर्टात तो मालकातर्फे हजर राहू शकतो. पण जे फक्त मालकालाच ठाऊक आहे त्याची साक्ष तो मालकाऐवजी देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात म्हटले आहे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो जमिनीत. पैसे घेऊन, ताबा देऊन, खरेदीखताऐवजी नुसते कुलमुखत्यारपत्र करून देण्याची पद्धत देशभर बोकाळली होती. सूरज लॅम्प खटल्याच्या २०११च्या निकालाने सांगितले की अशा कागदाने मालकी बदलत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. पुण्या-हैदराबादला कामाला गेलेल्या माणसाने गावच्या भावाला शेत सांभाळायला किंवा विकायला दिलेले खरेखुरे मुखत्यारपत्र मात्र या निकालाने बाधित होत नाही.

किनवटमध्ये हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. नांदेड जिल्ह्यातल्या या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध या आदिवासी समाजांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्याआधी राज्य शासनाची मंजुरी लागते. जो अधिकार मालकाला नाही तो मुखत्याराला कुठून येणार? म्हणून मंजुरीवाचून मुखत्याराने केलेली विक्रीही तितकीच बेकायदा, आणि तिची चौकशी जिल्हाधिकारी स्वतःहूनही करू शकतात. ही तरतूद आदिवासी शेतकऱ्याची खरी ढाल आहे. अंगठा देण्याआधी त्याला दस्त त्याच्या बोलीत वाचून दाखवलाच पाहिजे.

मालकाच्या वतीने दस्त नोंदणीला सादर करायचा, तर मुखत्यारपत्र मालक राहतो त्या भागातील दुय्यम निबंधकासमोर प्रमाणित झालेले असावे लागते. आजारी किंवा तुरुंगातील माणसाला त्यासाठी कार्यालयात यावे लागत नाही.

दोघांपैकी कोणीही मरण पावले, वेडे झाले किंवा काम पुरे झाले की अधिकार संपतो. वडील वारल्यावर त्यांनी दिलेल्या मुखत्यारपत्रावर सही करणे चूकच. तेथून पुढचा हक्क वारसांचा. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतला नसेल, तर मालक अधिकार काढूनही घेऊ शकतो. पण रद्दपत्र मुखत्याराला कळेपर्यंत त्याचा अधिकार चालू राहतो, आणि बाहेरच्या माणसांसाठी त्यांना कळेपर्यंत. त्यामुळे रद्दपत्राची लेखी नोटीस मुखत्याराला आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही पाठवणे आवश्यक असते.