यंत्र अंगठा मागत नाही, बाजार मागतो!

संगीताला जात नसते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. ऐकवणारे कोण असतात? ज्यांच्या घरात चार पिढ्या तंबोरा आहे ते. सूर ईश्वराचा, कला सगळ्यांची अशी मखलाशी करायची आणि मंचावर मात्र घराण्याचे नाव लावायचे, हा त्यांचा जुना रिवाज आहे. आता त्यात नवी भर पडली आहे. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि संगणक यांवर तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताला तर ना गाव ना समाज, ते यंत्राचे संगीत, सगळीकडे सारखेच, असे आमच्यातलेही काही शिकलेले तरुण म्हणू लागले आहेत. हे म्हणणे तपासून पाहिले पाहिजे. कारण आमच्या वस्त्यांतली कितीतरी पोरे आज लॅपटॉपवर आणि मोबाईलवर भीमगीतांना नवे ठेके बसवत आहेत. आपल्या हातून नेमके काय घडते आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराकडे पाहावे लागेल. अमेरिकेच्या कृष्णवर्णीयांकडे पाहणे आम्हाला नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांसमोर ठेवूनच. लढ्याचे नाते आम्ही ओळखले, साहित्याचे नाते ओळखले. संगीताचे नाते मात्र अजून नीट ओळखलेले नाही.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून आणि तिथल्या वर्णद्वेषी कायद्यांतून सुटण्यासाठी लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे निघाले, त्यातले पुष्कळ या शहराच्या कारखान्यांत आले. तिथे त्यांच्या वाट्याला काय आले? ओतशाळेतले, भट्टीपुढचे, सगळ्यांत तापलेले आणि सगळ्यांत घाणेरडे काम. राहायला कुठे मिळाले? १९४१ साली एट माईल रस्त्याजवळ एका बिल्डरने सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली. एका बाजूला कृष्णवर्णीयांची वस्ती, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांसाठी नवी घरे. मध्ये भिंत असेल तरच गोऱ्यांच्या घरांना सरकारी हमीचे कर्ज मिळणार होते. गावकूस म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या वस्त्या, जिथे ब्लूज आणि जॅझ वाजत होते, त्या शहर सुधारणेच्या नावाखाली पाडल्या गेल्या आणि त्यांच्या छातीवरून महामार्ग गेला. जुलै १९६७ मध्ये असंतोषाचा भडका उडाला, ४३ माणसे मेली. १९६८ साली डॉज कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांनी क्रांतिकारी संघटना काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘ड्रम’!

याच शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी नावाच्या माणसाने घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन मोटाउन ही गाण्यांची कंपनी उभी केली. हा माणूस आधी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करत होता. एका टोकाला सांगाडा आणि दुसऱ्या टोकाला तयार मोटार, तशी एका दाराने गल्लीतली पोर आत जाणार आणि दुसऱ्या दाराने तारका बाहेर पडणार, ही त्याची कल्पना. १९७२ साली मोटाउनने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. गोरे आधीच उपनगरांत गेले होते, कारखाने बंद पडत होते, कामगारांच्या जागी यंत्रमानव येत होते. १९५० साली साडेअठरा लाखांची वस्ती असलेले शहर २०१० साली सव्वासात लाखांच्या खाली आले.

अशा ओसाड पडत चाललेल्या शहराच्या परिसरात हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही तीन पोरे वाढली. डेट्रॉइटपासून सुमारे तीस मैलांवरच्या बेलव्हिल या बहुतांशी गोऱ्यांच्या गावातल्या शाळेत त्यांची गाठ पडली. ‘टेक्नो’ या नावाने आज जगभर जे संगीत वाजते, त्याचे हे तीन आद्य निर्माते. अ‍ॅटकिन्सचे वडील गाण्याचे कार्यक्रम भरवणारे. तो लहानपणीच बास गिटार आणि ड्रम शिकला. पहिला सिंथेसायझर त्याला त्याच्या आजीने घेऊन दिला. रात्री रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ नावाचा कृष्णवर्णीय निवेदक असायचा. तो जॉर्ज क्लिंटनचा फंक, प्रिन्स आणि जर्मनीचा क्राफ्टवर्क हे सगळे एकाच पंगतीत बसवायचा. पोरांचे कान त्या पंगतीत तयार झाले. १९८१ साली अ‍ॅटकिन्सने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या रिक डेव्हिसबरोबर ‘सायबोट्रॉन’ या नावाने पहिली तबकडी काढली. १९८५ साली ‘मेट्रोप्लेक्स’ हे स्वतःचे लेबल काढले.

आता यंत्राचे पाहू. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली ‘८०८’ नावाचे ताल वाजवणारे यंत्र काढले. त्यावर सोळा बटणांची एक ओळ. जे बटण दाबाल त्या मात्रेवर ठोका पडणार. खऱ्या ढोलासारखा आवाज येत नाही म्हणून धंद्यातल्या लोकांनी नाक मुरडले, तीनेक वर्षांत उत्पादन थांबले आणि यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात आली. ती गरीब पोरांनी उचलली. ना स्वरलिपी वाचता यायची गरज, ना कोणा गुरुजींच्या हातून गंडा बांधून घ्यायची गरज. एकलव्याची गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. यंत्र अंगठा मागत नाही, हे या संगीताचे पहिले महत्त्व.

पण यंत्र सारखे म्हणून आवाज सारखा निघाला काय? मुळीच नाही. क्राफ्टवर्कने १९७४ साली ‘ऑटोबान’ म्हणजे महामार्गावर लांबलचक रचना केली. त्यांच्यातला फ्लोरियन श्नायडर हा नामांकित वास्तुविशारदाचा मुलगा. त्या रचनेत मोटार संथ, स्वच्छ, सुखाने धावते. डेट्रॉइटच्या पोरांसाठी मोटार म्हणजे आधीच्या पिढीने भट्टीपुढे उभे राहून घडवलेली वस्तू, आणि महामार्ग म्हणजे आपल्या माणसांची वस्ती पाडून गेलेला रस्ता. त्यांच्या संगीतात तेच यांत्रिक सूर आले, पण खाली फंकचा बास धडधडत राहिला आणि वर चर्चमधल्या ऑर्गनची आठवण देणारे सूर आले. मोटाउन फोर्डच्या पट्ट्यासारखे चालले, आपण यंत्रमानवांच्या काळातले, अशा अर्थाचे अ‍ॅटकिन्स स्वतःच बोलला आहे. यंत्र जपानचे, काही सूर जर्मनीचे, पण ऐकणारा कान डेट्रॉइटचा. निर्मात्याचा ‘आवाज’ म्हणतात तो या कानातून येतो.

इथे एका गैरसमजाला थारा देता कामा नये. कृष्णवर्णीयांच्या रक्तातच ताल असतो, असे गोरे लोक कौतुकाने म्हणतात. हे कौतुक नव्हे, हा वर्णवाद आहे. अमक्या घराण्यात सूर रक्तातच असतो, असे आपल्याकडे म्हणतात, तो जसा शुद्ध जातिवाद आहे तसाच. रक्तात काही नसते. आजीने घेऊन दिलेला सिंथेसायझर, रात्रीचा रेडिओ, भिंत, भट्टी, पाडलेली वस्ती, यांतून माणसाचा कान घडतो. जन्माने नव्हे तर परिस्थितीने माणूस घडतो, आणि परिस्थिती बदलता येते, हेच तर आमच्या चळवळीचे मूळ सूत्र आहे.

वारसा जसाच्या तसा मिळत नाही, हेही डेट्रॉइटने दाखवले. तिथल्या ‘ड्रेक्सिया’ या जोडीने १९९७ साली ‘द क्वेस्ट’ या संग्रहासोबत एक कथा दिली. गुलामांच्या जहाजांवरून ज्या गरोदर आफ्रिकी स्त्रियांना समुद्रात फेकले, त्यांच्या पोटची बाळे पाण्यातच श्वास घ्यायला शिकली आणि समुद्रतळाशी त्यांचे राष्ट्र उभे राहिले, अशी ती कथा. ज्या समाजाची वंशावळ पाण्यात बुडवली गेली, त्याने आपला वारसा स्वतः रचला. आम्हीही १९५६ साली नागपुरात तेच केले. लादलेला वारसा टाकला आणि बुद्धाचा वारसा निवडला.

आता हलगीचा प्रश्न येतो. गावच्या दवंडीला, यात्रेला, दुसऱ्यांच्या वरातीला आणि मयताला ज्या हातांना वाद्ये वाजवावी लागली, ते हात आमचे होते. मेलेले ढोर ओढणे सोडा, मेलेल्याचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला बजावले. म्हणून आमच्यातल्या अनेक स्वाभिमानी वडीलधाऱ्यांनी हलगी, डफडे घराबाहेर काढले. त्यांचे बरोबर होते. मग आज आमचा एखादा पोरगा संगणकावर हलगीचा ठेका घेऊन त्यावर बुद्ध-भीमाचे गीत बांधतो, ते चुकीचे काय? आमचे मत स्पष्ट आहे. ते चुकीचे नाही. हुकुमाने वाजवणे आणि स्वतःच्या मर्जीने वाजवणे यांत गुलामी आणि स्वातंत्र्य एवढे अंतर आहे. डेट्रॉइटच्या पोरांनी कारखान्याचा ठोका घेतला, पण डोक्यावर मुकादम ठेवला नाही. तमाशाची ढोलकी आपल्या जलशांनी अशीच परत मिळवली होती. सत्यशोधक जलशांनी आणि त्यांच्यामागून भीमराव कर्डकांच्या जलशाने गण-गवळणीचा साचा मोडून त्यात समतेचा विचार भरला. आजचा लॅपटॉपवाला पोरगा त्या जलशाचा नातू आहे. फक्त हे त्याला माहीत हवे.

माहीत नसेल तर काय होते, तेही डेट्रॉइटकडूनच शिकावे. १९८८ साली इंग्लंडमध्ये डेट्रॉइटच्या टेक्नोचा संग्रह निघाला आणि हे संगीत युरोपात पसरले. बर्लिनमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘ट्रेझर’ या क्लबने डेट्रॉइटच्या कलावंतांना मंच दिला, त्यांच्या तबकड्या काढल्या, हे मान्य केले पाहिजे. पण हळूहळू टेक्नो म्हणजे गोऱ्या युरोपचे संगीत अशी समजूत झाली. २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची आपल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. ज्यांच्या भट्टीतून हा ठोका निघाला त्यांचे नाव जगातल्या किती तरुणांना ठाऊक आहे? यंत्राने अंगठा मागितला नाही. बाजाराने मागितला.

या लुटीला उत्तर देणारेही डेट्रॉइटमध्येच निघाले. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी १९८९ च्या सुमारास ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ म्हणजे भूमिगत प्रतिकार ही संघटनाच काढली. चेहरे झाकून वाजवायचे, तारका बनायचे नाही, लेबल स्वतःचे, वितरणही स्वतःचे. १९९९ साली त्यांच्यातल्या डीजे रोलँडोची रचना गाजली, तेव्हा सोनीच्या जर्मन शाखेने परवानगी न घेता तिची हुबेहूब नक्कल काढली. जगभरच्या श्रोत्यांनी निषेधाचा भडिमार केला आणि सोनीला माघार घ्यावी लागली. ज्यांच्या हातात स्वतःचे लेबल आणि स्वतःचा जागा श्रोता होता, त्यांनाच हे जमले.

आपल्या देशातही हे घडतेच. २०२१ साली ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणे गाजले. त्याचे शब्द अरिवू या आंबेडकरी कलावंताचे, त्यामागे श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या त्याच्या आजीची कहाणी. पण त्या यशावर एका नामांकित संगीत मासिकाने मुखपृष्ठ काढले, त्यावर अरिवूच नव्हता! आरडाओरडा झाल्यावर त्याचे वेगळे मुखपृष्ठ आले.

आणि दुसऱ्यांना बोल लावताना आमच्या घरातही पाहू. वामनदादा कर्डकांची गीते आज किती नव्या ठेक्यांवर वाजतात! त्यांतल्या कित्येकांवर वामनदादांचे नाव नसते. नाव असते ते ठेका बसवणाऱ्याचे. वामनदादा २००४ साली गेले. कायद्याने गीतकाराचा हक्क त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. म्हणजे २०६४ सालाच्या अखेरीपर्यंत. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या शाहिराने गावोगाव फिरून आमच्या आयांना बाबासाहेब समजावून सांगितले, त्याचे नाव गाळणे ही कुठली भीमभक्ती? प्रस्थापितांनी आमचा इतिहास पुसला म्हणून आम्ही ओरडतो आणि आमचा इतिहास आम्हीच पुसतो.

जयंतीच्या डीजेवर टीका करणाऱ्यांनाही एवढेच सांगणे आहे. कानठळ्या बसवणाऱ्या भिंतींचे समर्थन आम्ही करत नाही. वस्तीत तान्ही बाळे असतात, म्हातारी माणसे असतात, आणि रात्री दहाचा नियम आम्हालाही लागू आहे. पण तो नियम १४ एप्रिललाच का आठवतो, हे टीकाकारांनी स्वतःला विचारावे. भिंत आणि निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाड्याच्या भिंतीवर हजारो रुपये उधळण्यापेक्षा तेच पैसे वस्तीतल्या एका खोलीत संगणक, मायक्रोफोन आणि चांगले स्पीकर ठेवण्यासाठी वापरा. तिथे म्हाताऱ्या शाहिरांना बोलवा, त्यांचे आवाज नोंदवून ठेवा. आजीच्या ओव्या, जात्याची घरघर, गिरणीच्या भोंग्याची आठवण, हलगीचा ठेका, सगळे नोंदवा. प्रत्येक गीतावर शाहिराचे नाव लिहा. लेबल आपले काढा.

तरुणांनो, यंत्र तुमच्या हाती आले आहे. त्यातून कोणाचा आवाज काढायचा हे तुम्ही ठरवायचे आहे. चित्रपटवाल्यांची नक्कल करायची असेल तर लॅपटॉप कोणाचाही चालेल. आपल्या वस्तीचा आवाज काढायचा असेल तर मात्र आधी आपल्या वस्तीचा इतिहास वाचावा लागेल. शिका, हा बाबासाहेबांचा पहिला आदेश ठेका बसवणाऱ्यांनाही लागू आहे.

जय भीम!