शांघाय की हार्बिन?

भाची वर्षभर चिनी शिकायला चीनला जायचं म्हणतेय. घरच्यांचं एकच पालुपद, "बीजिंग नाहीतर शांघाय, दुसरीकडे नको." मला विचाराल तर... हार्बिन!

पहिलं कारण अर्थातच पैसा. शांघायच्या खोलीभाड्यात पुंजी लवकर संपणार आणि पोरगी अर्ध्यातून परत येणार. भाषा काही चार-सहा महिन्यांत अंगात मुरत नाही हो. स्वस्त शहर म्हणजे हातात जास्तीचे महिने, इतका साधा हिशोब आहे.

दुसरं कारण उच्चार. शांघायची मूळची बोली वू, मंदारिनहून पार वेगळी. चेंगडू स्वस्त, जेवण झकास, पण तिथल्या बोलीत 'न' आणि 'ल'ची सरमिसळ. हार्बिनची रोजची बोली मात्र प्रमाण मंदारिनच्या बरीच जवळ. सकाळी वर्गात शिकलेलं संध्याकाळी भाजीवालीपाशी चालतं!

थंडी? आहेच. जानेवारीत रात्री पारा उणे २०च्याही खाली जातो. पण उत्तर चीनमध्ये हिवाळाभर शहराच्या सामाईक व्यवस्थेतून घरं गरम ठेवतात. शांघायला ती सोय सहसा नसते, म्हणजे घरात कुडकुडायची पाळी उलट तिथेच! आणि लांब म्हणाल, तर २०२१पासून बीजिंगहून वेगवान रेल्वेने साधारण पाच तास.

मोठ्या शहराचं नाव चारचौघांत सांगायला बरं वाटतं, कबूल. पण कर्ज काढून पाठवायचं, तर पोरीला परत आल्यावर चिनी बोलता यायला हवं ना?

ताई, वाचत असशील तर बघ बाई, पटतंय का.